बापाने लेकीला रोख पैसे दिले, तर दंड कशाचा?

निफाडची लेक

जरा लांबलचक लिहिते आहे, पण पूर्ण वाचून मग मत द्या.

माझं माहेर निफाड तालुक्यात. साडेतीन एकर द्राक्षबाग, आणि बापू-आई अजून स्वतः बागेत राबतात. मी पुण्यात नोकरी करते. २०१८ मध्ये मी फ्लॅट बुक केला, तेव्हा बापूंनी मे महिन्यात, दिवाळीत आणि पुढच्या मार्चमध्ये असे तीन खेपांना मिळून १० लाख ४० हजार रुपये आणून दिले. सगळे रोख. पहिल्या खेपेला ते एसटीने आले. पैसे जुन्या टॉवेलात गुंडाळून पिशवीच्या तळाशी, वर मेथीच्या जुड्या आणि आईने दिलेला मनुक्यांचा डबा. ओट्यावर त्यांनी बंडलं मांडली. प्रत्येक बंडलाच्या रबरात एक चिठ्ठी खोचलेली, कुठल्या तोडीचे किती ते लिहिलेली. मला म्हणाले, "मोजून घे. बापाचे असले तरी पैसे मोजूनच घ्यायचे."

मी ते सगळे माझ्या बचत खात्यात भरले आणि बिल्डरला चेक दिले. ओळखीच्या सीएला विचारलं होतं. तो म्हणाला, वडिलांकडून आलेले पैसे करमुक्त असतात, काही काळजी करू नका.

मार्च २०२३ मध्ये प्राप्तिकर खात्याकडून कलम १४८ए ची, म्हणजे त्या वर्षाचं उत्पन्न पुन्हा का तपासू नये अशी, नोटीस आली. वर्षभरात बचत खात्यात दहा लाख किंवा त्याहून जास्त रोख भरली की बँक ते वर कळवते, हे मला तेव्हा समजलं. सातबारा, आठ-अ, बापूंचं प्रतिज्ञापत्र, हाती लागल्या तेवढ्या पावत्या असं सगळं दिलं. यंदा आदेश आला. चार लाख बापूंचे असू शकतात, हे मान्य. उरलेल्या ६ लाख ४० हजारांचा स्रोत पटत नाही म्हणून ते कलम ६९ए खाली माझंच अघोषित उत्पन्न. त्यावर ६० टक्के कर, करावर २५ टक्के अधिभार, वर ४ टक्के उपकर. एकूण ७८ टक्के, म्हणजे ४ लाख ९९ हजार २०० रुपये. व्याज वेगळं.

आता खरी गोष्ट. जे चार लाख बापूंचे म्हणून मान्य झाले, त्यावर दुसरी नोटीस आली. दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेतली म्हणून २६९एसटी चा भंग, आणि २७१डीए प्रमाणे जेवढे घेतले तेवढाच दंड का लावू नये?

म्हणजे बापूंनी दिले हे पटलं नाही तर ७८ टक्के जाणार, आणि पटलं तर शंभर टक्के.

आईवडिलांनी मुलांना दिलेल्या पैशावर कर नाही, असं कायदा एका कलमात सांगतो. मग दुसऱ्या कलमात त्याच पैशाला दंड कशासाठी? माझं मत असं की आईवडील आणि सज्ञान मुलं यांच्यातला व्यवहार २६९एसटी मधून पूर्ण वगळला पाहिजे.

हिशेबनीस

ताई, तुमच्या वडिलांच्या सचोटीबद्दल मला तिळमात्र शंका नाही. तरीही तुमच्या मागणीला माझा विरोध आहे.

आधी कायदा काय आहे तो सांगतो, म्हणजे पुढची चर्चा भरकटणार नाही. बाहेरच्या माणसाकडून वर्षभरात ५० हजारांपेक्षा जास्त भेट आली तर ५६(२)(एक्स) खाली सगळीच रक्कम करपात्र होते, फक्त वरची नाही. नातेवाइकांना यातून सूट आहे. आईवडील, मुलं, नवराबायको, भावंडं, आईवडिलांची भावंडं, सासूसासरे हे सगळे त्यात येतात. आईवडिलांकडून आलेल्या भेटीला रकमेची मर्यादाच नाही. एक कोटी दिले तरी मुलाला एक पैसा कर लागत नाही. 

आता हे दार इतकं सताड उघडं आहे म्हणूनच ते लोकांनी वापरलं. पंचवीस वर्षं मी हेच काम करतो आहे. कुणाच्याही खात्यात बेहिशेबी रोकड सापडली की पहिलं उत्तर "वडिलांनी दिले", दुसरं "आईची बचत" आणि तिसरं "गावाकडच्या शेतीचे". तिन्ही उत्तरं करमुक्त. खरे किती नि खोटे किती हे नुसत्या नोटांकडे बघून कुणालाच सांगता येत नाही. म्हणून देणारा कोण, त्याची ऐपत किती आणि व्यवहार खरा का, या तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात, आणि ते घेणाऱ्यानेच करायचं असतं. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पी. मोहनकला प्रकरणात तर बँकेतून आलेल्या भेटीसुद्धा खऱ्या मानल्या नाहीत. तिथे रोकड टिकेल कशी?

२६९एसटी एप्रिल २०१७ पासून लागू आहे. विधेयकात मर्यादा तीन लाख होती, ती पुढे दोनवर आणली. घेणाऱ्याने एवढंच पाळायचं आहे: दोन लाख किंवा त्यावरची रक्कम खात्यातून घ्या. बापूंनी गावातल्या बँकेत पैसे भरून तुमच्या खात्यात वळते केले असते, तर आज हा धागा निघालाच नसता.

कडवंचीकर

वर साहेबांनी लिहिलं की गावातल्या बँकेत भरायचे. बरोबर आहे. पण शेतकऱ्याच्या हातात रोकड का येते, हे कुणीच विचारत नाही.

मी पण द्राक्षवाला. आमच्याकडे जालन्याला बाग कमी, निफाड-दिंडोरीला जास्त, पण रीत तीच. व्यापारी बागेवर येतो, मणी बघतो, साखर मोजतो, भाव ठरतो. माल तोडायला माणसं त्याचीच. क्रेट भरून गाडी निघाली की माल त्याचा, मग पैशाची वाट बघत आपण बसायचं. दोन गाड्यांचे पैसे देतो, विश्वास बसला की पुढच्या चार गाड्या उधार, आणि हंगाम संपता संपता फोन बंद. चेक दिला असेल तर तो वटत नाही. २०२०-२१ मध्ये नाशिक परिक्षेत्राचे तेव्हाचे विशेष पोलीस महानिरीक्षक प्रताप दिघावकर यांनी अशा पळालेल्या व्यापाऱ्यांच्या मागे लागून शेतकऱ्यांचे पैसे वसूल करून दिले, तेव्हा कुठे शहरातल्या लोकांना कळलं की हे असं चालतं.

म्हणून शेतकरी म्हणतो, आधी रोख टाक, मग कात्री लाव. त्याला कर चुकवायचा नसतो, शेती उत्पन्नाला कलम १०(१) प्रमाणे करच नाही. त्याला फक्त बुडायचं नसतं. आणि जो रोख देतो तो पावती देत नाही, मागितली तर उद्या दुसऱ्याच्या बागेवर जातो.

हिशेबनीस

कडवंचीकर, तुमचं सगळं मान्य. पण यातच एक गोष्ट दडली आहे. एका दिवशी एकाच व्यापाऱ्याकडून दोन लाख वा जास्त रोख घेतले, तर तिथे शेतकऱ्यानेच २६९एसटी मोडलं. शेतकऱ्याने व्यापाऱ्याला दोन लाखांच्या आत रोखीने माल विकला तर अडचण नाही, असं केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने नोव्हेंबर २०१७ च्या परिपत्रकात स्पष्ट केलं आहे. म्हणजे शेतकऱ्यासाठी काहीच विचार केला नाही, असं नाही.

आणि ताईंना एक प्रश्न विचारतो, कारण अपिलातही तो येणारच. बापूंच्या नावावर सोसायटीचं पीककर्ज होतं का? घरात लाखोंची रोकड पडून असताना माणूस कर्ज का काढतो, असं अधिकारी विचारतात.

निफाडची लेक

होतं. आदेशात अगदी हाच मुद्दा आहे. पण वेळेत फेडलेलं पीककर्ज सवलतीच्या व्याजात मिळतं. ते न काढणारा शेतकरी आमच्या गावात एक नाही. हातातले पैसे खर्च करून मोकळं व्हायचं आणि छाटणीनंतर औषधाला दुकानदाराकडे चढ्या व्याजाने उधारी करायची, हा कुठला व्यवहार? गारपीट झाली तर वर्षभर त्याच पैशावर काढायचं असतं. घरातली रोकड हा आमचा विमा आहे, आणि ते कुठल्याच विवरणपत्रात बसत नाही.

आणि शेतकऱ्याचा विचार केला म्हणता, तर दुसरं कलम बघा. २६९एसएस, म्हणजे २० हजार किंवा जास्त रोख कर्ज घेऊ नये, त्या कलमात सूट आहे. देणारा आणि घेणारा दोघांचंही उत्पन्न शेतीचं असेल आणि दोघांनाही करपात्र उत्पन्न नसेल, तर ते कलम लागत नाही. म्हणजे खेड्यात व्यवहार कसे होतात हे कायदा लिहिणाऱ्याला ठाऊक होतं. मग २०१७ च्या कलमात ते का विसरले?

निवृत्त रोखपाल

मी जिल्हा बँकेच्या एका शाखेत ३१ वर्षं काढली, त्यातली बरीचशी रोख खिडकीवर. दोन्ही बाजूंचं थोडं थोडं पटतं, पण शेवटी मत हिशेबनिसांच्या बाजूला झुकतं.

खिडकीवर बसलं की नोट हातात घेतल्यावरच कळतं की ती कुठून आली. शेतकऱ्याच्या नोटांना वास असतो, कडा मऊ पडलेल्या असतात, मधेच एखादी हळद लागलेली. पण हे कागदावर कुठे लिहायचं? संगणकात "रोख जमा" एवढंच दिसतं. शेतकऱ्याची असो वा लाचेची, दोन्हींची नोंद सारखीच.

म्हणून सगळ्यांना कळकळीने सांगतो. पैसे आधी वडिलांच्या खात्यात भरा. भरताना स्लिपच्या मागे "द्राक्ष विक्री" नाहीतर "कांदा विक्री" असं लिहून आपल्याकडच्या भागावर शिक्का मारून घ्या. मग तिथून आरटीजीएस करा. सोबत एक साधं बक्षीसपत्र करा: दोघांची नावं, पॅन, रक्कम, तारीख, नातं, "प्रेमापोटी देत आहे, परत घेणार नाही", दोन साक्षीदार. पैशाच्या बक्षीसपत्राची नोंदणी सक्तीची नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १२३ प्रमाणे जंगम वस्तू हातात दिली तरी बक्षीस पुरं होतं, कागद लागतो तो फक्त पुराव्याला. आणि देणारा हयात असेपर्यंत घेणाऱ्याने ते स्वीकारलं पाहिजे, हे कलम १२२ मध्ये आहे.

अर्ध्या दिवसाचं काम आहे हो. तेवढ्यासाठी कायदा बदला म्हणणं मला पटत नाही.

गंगापूररोड

एवढा व्याप कशाला? दर वेळी १ लाख ९० हजार द्यायचे, आठ-दहा दिवसांच्या अंतराने. दोन लाखांच्या आत.

हिशेबनीस

हा सल्ला कुणीही ऐकू नका, पोळाल. २६९एसटी मध्ये तीन मोजमापं आहेत. एका माणसाकडून एका दिवसात, एका व्यवहारात, आणि एकाच प्रसंगाशी किंवा निमित्ताशी संबंधित व्यवहारांत. घर घेण्यासाठी वडिलांनी चार वेळा पैसे दिले तर निमित्त एकच, असं म्हणायला अधिकाऱ्याला पूर्ण वाव आहे. शिवाय ठरावीक अंतराने ठरावीक रक्कम जमा झालेली दिसली की खऱ्या पैशावरही संशय येतो.

माहेरवाशीण

इतका वेळ नुसतं वाचत होते. पण एक गोष्ट कुणीच बोललं नाही, म्हणून लिहिते.

२००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच वाटा मिळाला. ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात तो हक्क जन्माचा आहे, वडील २००५ मध्ये हयात होते की नाही याने फरक पडत नाही, असं सांगितलं. कागदावर सगळं मिळालं. प्रत्यक्षात काय होतं? भाऊ हक्कसोडपत्र पुढे ठेवतो, बहिणी सह्या करतात, कारण माहेर तुटायला नको असतं. आणि मग आई किंवा वडील मागच्या दाराने लेकीच्या हातात काही ठेवतात. मुलाला कळणार नाही अशा बेताने. ते बँकेतून कसं देणार? पासबुक मुलगाच भरून आणतो, मोबाइल मुलाच्या हातात, मेसेज त्यालाच येतो.

माझ्या आईने मला दीड लाख दिले ते चौदा वर्षांत साठवलेले. दुधाचे, शेवया करून विकल्याचे, भाऊबीजेचे. धान्याच्या कोठीत, ज्वारीच्या खाली ठेवलेले. नोटाबंदीत ८ नोव्हेंबरच्या रात्री ती रडली होती, कारण आता सगळ्यांना कळणार म्हणून. तेव्हा सरकारनेही हे ओळखलं होतं: अडीच लाखांपर्यंत भरलेल्या रोकडीची जास्त चौकशी करू नका, सत्तरीच्या पुढच्यांना पाच लाखांपर्यंत, अशी सूचना फेब्रुवारी २०१७ मध्ये निघाली. २०२१ मध्ये प्राप्तिकर अपिलीय न्यायाधिकरणाच्या आग्रा खंडपीठानेही नोटाबंदीत गृहिणीने भरलेली अडीच लाखांपर्यंतची रक्कम तिची घरखर्चातली बचत मानली, अघोषित उत्पन्न नाही. नोटाबंदीपुरतं बाईच्या साठवणीला मान, आणि एरवी त्याच साठवणीला ७८ टक्के, हे मला अन्यायाचं वाटतं.

मी निफाडच्या ताईच्या बाजूने आहे.

अ‍ॅडव्होकेट सोलापूर

माहेरवाशीण, तुमचं वाचून घशात आवंढा आला. पण मी दिवाणी कोर्टात वाटपाचे दावे लढवते, म्हणून मला तुमच्या विरुद्ध बोलावं लागतं आहे.

रोखीने दिलेल्या वाट्याने लेकीचं नुकसानच होतं. माझ्याकडे येणाऱ्या दहा बहिणींपैकी निम्म्यांच्या बाबतीत भाऊ कोर्टात सांगतो, "हिला लग्नात दिलं, नंतर रोख दिलं, तिचा हिस्सा पोचला." किती दिलं? मनाला येईल तो आकडा. वडील गेलेले, आई मुलाकडे राहते म्हणून गप्प. लेकीला खरंच एक लाख मिळाले असतील तर भाऊ अकरा सांगतो, आणि काहीच मिळालं नसेल तरीही अकराच. तिच्याकडे ते खोडायला कागद नसतो. बँकेची एक ओळ असती, "बक्षीस, एक लाख", तर त्याचं तोंड तिथेच बंद झालं असतं.

मागच्या दाराने दिलं म्हणून लेक मागच्या दाराचीच राहते. आईला तिच्या एकटीच्या नावाने खातं काढून द्या, मोबाइल नंबर लेकीचा टाका. कायद्यात रोखीची सूट मिळवलीत, तर ती सगळ्यात आधी वापरेल तो भाऊ.

माहेरवाशीण

भावाच्या आकड्याचं म्हणता ते खरं आहे, माझ्या मावशीच्या बाबतीत हेच झालं. तरीही, आईला वेगळं खातं काढायला सांगणं हे तुम्हाला सोपं वाटतं. घरात ते भांडण कोण घेणार? पासष्टीच्या बाईला मुलाच्या घरात राहायचं असतं.

वारसा नको

मला या सगळ्या चर्चेत मूळ प्रश्नच चुकल्यासारखा वाटतो. रोख का बँक हा वाद नंतरचा. आईवडिलांकडून येणारे कोटी-दोन कोटी पूर्ण करमुक्त का असावेत?

आपल्याकडे १९५३ पासून मृत्युकर होता, मोठ्या इस्टेटीवर ८५ टक्क्यांपर्यंत दर होता. १९८५ मध्ये व्ही. पी. सिंग अर्थमंत्री असताना तो गेला. १९५८ चा बक्षीसकर कायदा होता, ३० हजारांच्या वर ३० टक्के, आणि तो देणाऱ्याने भरायचा. यशवंत सिन्हांच्या काळात १ ऑक्टोबर १९९८ पासून तोही गेला. २०१५ मध्ये संपत्तीकर गेला. आज पगारदार माणूस घाम गाळून मिळवलेल्या पैशावर ३० टक्के भरतो आणि ज्याच्या बापाची पुण्यात चार दुकानं आहेत त्याला पाच कोटी आयते मिळतात, त्यावर शून्य. निफाडच्या ताईंना १० लाखांसाठी फरफटवतात, आणि आरटीजीएसने पाच कोटी घेणाऱ्याला कुणी विचारत नाही. माझ्या मते मोठ्या रकमांच्या बक्षिसांवर कर परत आणावा, आणि २०-२५ लाखांच्या आतल्यांना, रोख असो वा बँक, छळू नये.

डोंबिवली फास्ट लोकल

सपशेल विरोध. वडिलांनी त्या पैशावर एकदा कर भरलेला असतो. माझ्या बाबांनी गिरणीच्या पगारात आणि नंतर वॉचमनच्या पगारात ठेव करून मला वन-बीएचकेला साडेचार लाख दिले. त्यावर पुन्हा कर? आणि मृत्युकर का गेला, तर वसुली तुटपुंजी आणि कज्जे फार. श्रीमंत माणूस ट्रस्ट काढून मोकळा होतो, सापडतो तो आमच्यासारखा.

वारसा नको

तुमचे साडेचार लाख मी सांगितलेल्या मर्यादेच्या कितीतरी आत आहेत, त्यावर कर लागणारच नाही. शेतीच्या आणि भाड्याच्या चाळींच्या पैशावर एकदा तरी कर भरलेला असतो का, हे मात्र बघा.

कडवंचीकर

शेतीला मध्ये आणू नका. खतावर, औषधावर, डिझेलवर आम्ही किती भरतो ते एकदा बागेवर येऊन बघा.

सून २०१५

थोडं बाजूचं, पण विषयाला धरून. सासऱ्यांनी माझ्या नावे पाच लाखांची ठेव केली. भेट करमुक्तच, पण ठेवीचं व्याज सासऱ्यांच्या उत्पन्नात धरलं जातं, कलम ६४. हेच मुलाला दिले असते तर सज्ञान मुलाचं व्याज मुलाचंच. जावयाला दिले तरी जावयाचंच. नवराबायकोने एकमेकांना किंवा सासूसासऱ्यांनी सुनेला दिलं की पैसे अजून देणाऱ्याचेच समजतात. असाच आणखी एक विचित्र प्रकार: काकाने पुतण्याला दिलं तर करमुक्त, पण पुतण्याने म्हाताऱ्या काकाच्या ऑपरेशनला ५० हजारांवर दिले तर काकाला करपात्र, कारण काकाच्या बाजूने बघितलं तर पुतण्या "नातेवाइकां"च्या यादीत नाही.

सॅन होजेहून

परदेशातल्या मुलांसाठी एक सूचना. इथे अमेरिकेत भेटीवरचा कर देणाऱ्याकडे असतो. २०२४ साली एकेका माणसाला १८ हजार डॉलरपर्यंत दिलं तर कळवायचीही गरज नाही. पण भारतातल्या आईवडिलांकडून वर्षात एक लाख डॉलरच्या वर आले, तर कर नसला तरी घेणाऱ्याला फॉर्म ३५२० भरावा लागतो. आईबाबांना तिकडे एलआरएस ची, म्हणजे परदेशी पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेची, माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे. आम्ही घराच्या वेळी दोन्ही पाळलं. रोखीचा प्रश्नच आला नाही, त्यामुळे मूळ वादात माझं मत घालत नाही.

निफाडची लेक

सगळ्यांचं वाचलं. रोखपाल काका, तुमच्या प्रतिसादाची प्रिंट काढून मी गावाला पाठवली आहे. वकीलताईंचा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागला. माझ्या भावाने कधी काही म्हटलं नाही आणि म्हणणारही नाही, पण उद्या त्याच्या मुलांनी विचारलं तर माझ्याकडे काय आहे, हा विचार मी कधी केला नव्हता.

तरी माझं मत पूर्ण बदललेलं नाही. बँकेतून द्या हा नियम असू द्या. तो मोडला तर पाच-दहा हजार दंड घ्या, मी भरेन. पण जो पैसा खरा आहे असं तुम्ही स्वतःच लिहून देता, त्या पैशाइतकाच दंड? चोराला आणि विसरलेल्या माणसाला एकच शिक्षा कशी?

हिशेबनीस

दंडाच्या प्रमाणाबद्दल तुमच्याशी सहमत आहे. शंभर टक्के हे जास्तच आहे, मीही ते पूर्वी लिहायला हवं होतं. पण २७१डीए मध्येच एक वाट ठेवलेली आहे: चांगलं आणि पुरेसं कारण दाखवलं तर दंड लागत नाही. वडील शेतकरी, रोखीतच माल विकला जातो, पैसे लगेच खात्यात भरले आणि घराला चेकने गेले, सीएचा तसा सल्ला होता, हे सगळं नीट मांडा. लपवायचं असतं तर कुणी स्वतःच्या बचत खात्यात भरत नाही, हा तुमचा सगळ्यात मोठा मुद्दा. त्या सीएकडून सल्ल्याचं पत्र मिळालं तर जोडा.

६ लाख ४० हजारांसाठी अपील केलंत ना? अपिलाचा निकाल लागेपर्यंत वसुली थांबवायला साधारण २० टक्के भरावे लागतात, म्हणजे तुमचे ९९ हजार ८४०.

निफाडची लेक

अपील केलं, तेवढे भरलेही. आता पुराव्याच्याच मागे आहे.

परवा आईने फोनवर सहज विचारलं, "त्या दिनदर्शिका लागतील का?" मला आधी समजलंच नाही. बापू हिशेबाची वही ठेवत नाहीत. भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या पानांवर, तारखेच्या चौकोनात पेन्सिलने लिहितात. दुधाचं, मजुरांचं, औषधाच्या फवारणीचं आणि मालाचं. आईने जुनी कॅलेंडरं फेकली नाहीत, कारण मागच्या कोऱ्या बाजूंनी ती डबे झाकते आणि कपाटाच्या फळ्यांवर अंथरते. २०१६ ते २०१९ अशी चार वर्षं फळ्यांवरून काढून तिने भावाबरोबर पाठवली. काल रात्री मी ती जमिनीवर पसरून बसले होते. फेब्रुवारीच्या एका चौकोनात "४२ क्रेट, ३१ रु., रोख", आणि खाली व्यापाऱ्याच्या नावाची अक्षरं. मार्चमध्ये "पाऊस. तोड बंद." मे २०१८ च्या पानावर, मी पुण्यात पैसे घेतले त्याच तारखेला, फक्त "पुणे" लिहिलेलं आहे आणि आकडा.

हिशेबनीस

एकही पान पुसू नका, सरळही करू नका, जसं आहे तसं स्कॅन करा, मूळ पानं जपून ठेवा. फळीचे डाग राहू द्या. प्रत्येक तोडीची नोंद एका तक्त्यात उतरवा आणि शेजारी बाजार समितीचा त्या दिवसाचा भाव लावा. आणि ते अक्षरवाले व्यापारी कोण, हे बापूंना विचारा. एकाने जरी लेखी दिलं की हो, त्या वर्षी माल घेतला होता, तरी बरंच होईल.

निफाडची लेक

दोघे सांगितले बापूंनी. एक पिंपळगावला अजून धंद्यात आहे. रविवारी बापूंना घेऊन जाते आहे.